भाऊजी अजून ठरवताहेत

या पृथ्वीतलावर ज्यांना म्हणून कसलाच निर्णय घेता येत नाही अशा माणसांचं संमेलन कधी भरलंच, तर त्याचं अध्यक्षपद आमच्या भाऊजींकडे आपोआप चालत येईल, आणि ते स्वीकारावं की नाही हे भाऊजींचं न ठरल्यामुळे संमेलन पुढे ढकलावं लागेल. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. त्याच्याहून थोडे धाकटे, म्हणून मी त्यांची वहिनी. आम्ही आइंडहोवनला, ते टिलबर्गला, दोन्ही डच गावं, मध्ये आगगाडीने अर्ध्या तासाचं अंतर. त्या अर्ध्या तासासाठी सकाळची कोणती गाडी पकडावी याचा विचार करता करता ते आमच्याकडे संध्याकाळच्या चहाला पोचतात. नवरा त्यांना लहानपणापासून ओळखतो. तो म्हणतो, याला कुल्फीवाल्यासमोर उभा केला की कुल्फीवाल्याचीच घरी जायची वेळ व्हायची.

असा माणूस पोटापाण्यासाठी काय करत असेल, तर तिथल्या विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवतो. बरोबर काय, चूक काय आणि माणसाने त्यातलं निवडायचं कसं, हा त्यांचा विषय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी पडले इंजिनियर, एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासणारी, त्यामुळे मला यातलं काही कळत नाही, सोपं करून सांगा, असं मी पहिल्या भेटीतच म्हणून टाकलं. भाऊजींनी कांदा चिरता चिरता सांगितलं. पूर्वी माणसाने कसं वागायचं ते देव सांगायचा. मग आधुनिक काळ आला, देवाला जरा बाजूला बसवलं आणि बुद्धी सांगू लागली. नीट विचार केला की सगळ्यांसाठी एकच बरोबर उत्तर निघेल, असा तेव्हा भरवसा होता. त्यातून नियम आले, कायदे आले, वेळापत्रकं आली. पुढे लक्षात आलं की नियम तंतोतंत पाळूनही माणसं भयंकर वागू शकतात, आणि तो भरवसाही गेला. आता ज्याचं त्याने ठरवायचं. "सगळे म्हणतात आपण मोकळे झालो," ते म्हणाले, "पण ओझं कमी कुठे झालंय, वहिनी? फक्त वाटून घ्यायला कोणी उरलं नाही." मी म्हटलं, म्हणजे मोजपट्ट्या सगळ्या खोट्या निघाल्या, माप मात्र घ्यायचंच आहे. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी सुरी खाली ठेवली, आणि त्या दिवशी पोह्यांत कांदा नावापुरताच पडला.

हा सगळा इतिहास त्यांच्या घरात तीन पिढ्यांत होऊन गेलेला आहे. गाव गुहागरकडचं. आजोबा ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय पाऊल उचलत नसत. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बैल घ्यायचा असो की मुलगी द्यायची असो, आजोबांनी देवाला विचारलं आणि रात्री गाढ झोपले. भाऊजींचे वडील गणिताचे मास्तर. त्यांनी घरातला कौल बंद केला आणि भिंतीवर वेळापत्रक लावलं. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक, मध्ये काही नाही. स्वतःच्या मुलाला त्यांनी सहामाहीत नापास केलं होतं, आणि तेही रात्री गाढ झोपले. भाऊजींना झोप येत नाही. ते म्हणतात, "आजोबांना देव उत्तर द्यायचा, बाबांना पुस्तक द्यायचं. मी मलाच विचारतो आणि मीच गप्प बसतो."

त्यांचं हे गप्प बसणं कसं असतं ते पाहायचं तर त्यांच्या ओट्याशी उभं राहावं. इथे कचरा वेगवेगळा करावा लागतो. आपण चहा पितो आणि चहाची पिशवी ओल्या कचऱ्यात टाकून मोकळे होतो. भाऊजी आधी पिशवी उसवतात. पानं ओल्या कचऱ्यात, चिठ्ठी कागदाच्या डब्यात, बारीकशी पिन धातूत. राहता राहिला दोरा. तो सुती असेल तर एक, नायलॉनचा असेल तर दुसरं, आणि वरून काही कळत नाही. त्यांच्या खिडकीत अशा दोऱ्यांनी भरलेली एक बरणी आहे. शेवटी त्यांनी गेमेन्टेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, रीतसर विचारणा केली. नगरपालिकेने अत्यंत नम्रपणे कळवलं की एवढ्याशा दोऱ्याचं काय करायचं ते आपलं आपण ठरवावं. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. ज्या प्रश्नापासून पळत माणूस सरकारदरबारी गेला तोच प्रश्न सरकारने परत हातात ठेवला, याचं त्यांना फार लागलं. आता ते चहाच सोडावा का या विचारात आहेत.

पण त्यांची सायकल ज्याला ठाऊक नाही त्याला भाऊजी ठाऊक नाहीत. स्टेशनबाहेरून ती चोरीला गेली. या देशात सायकल चोरीला जाणं म्हणजे सर्दी होण्यासारखं आहे, कोणी त्याचा बाऊ करत नाही. काही महिन्यांनी तीच सायकल त्यांना स्टेशनबाहेरच उभी दिसली. निळा रंग, वाकडी घंटा, सगळं तेच, फक्त मागे लहान मुलाला बसवायची खुर्ची लावलेली. दुसरा कोणी असता तर कुलूप तोडायचं हत्यार घेऊन आला असता. भाऊजींनी विचार केला. ज्याने चोरली त्याने ती विकली असणार. ज्याने घेतली त्याला ती चोरीची आहे हे कदाचित माहीत नसणार. आणि आपण ती नेली, तर ते मूल उद्या पाळणाघरात चालत जाणार, तेही या वाऱ्यात. मग त्यांच्या लक्षात आलं की मागच्या चाकात हवा कमी आहे, आणि मुलाचं वजन नेमकं मागच्या चाकावरच येतं. तेव्हापासून भाऊजी स्वतः पायी फिरतात, आणि येताजाता आपल्या चोरीला गेलेल्या सायकलीत हवा भरतात. माझ्या नवऱ्याने हे ऐकून कपाळाला हात लावला. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

आमच्या मराठी मंडळाने एकदा त्यांना मुलांच्या चित्रस्पर्धेचं परीक्षक केलं होतं. चांगलं कोणाच्या दृष्टीने, या प्रश्नापाशी ते अडले ते अडलेच. बक्षिसं वाटायची वेळ झाली, मुलं पेंगुळली, वडे गार झाले, आणि भाऊजी एका हत्तीसमोर हात मागे बांधून उभे. शेवटी अध्यक्षीणबाईंनी परस्पर निकाल लावला. आमची लेक त्या स्पर्धेत होती. परत येताना गाडीत तिने मला इंग्रजीत समजावलं की काका वेडे नाहीत, ते फक्त सगळ्यांचं ऐकून घेतात. लग्नाचंही असंच झालं. पुण्याची एक मुलगी त्यांना मनापासून आवडली होती आणि तिलाही ते आवडले होते. आपण तिच्यावर अन्याय तर करत नाही ना, याचा भाऊजींनी सर्व बाजूंनी विचार पुरा केला तेव्हा तिचा मुलगा मुंजीचा झाला होता. मुंजीचं आमंत्रण भाऊजींना होतं. जावं की न जावं यात तोही मुहूर्त टळला.

हे सगळं मी लोकांना हसत हसत सांगत आले, पण सांगून झालं की मला दुसरंच काहीतरी आठवायचं. इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच एका फोनची भीती असते. भारतातून अवेळी फोन वाजला की हात पुसता पुसता काळीज थांबतं. माझी आई पुण्यात एकटी असते. भाऊजींची आई, म्हणजे नवऱ्याची आत्या, गुहागरकडच्या घरात एकटी, सोबतीला सुमन नावाची कामाची बाई. भाऊजींचा तो फोन आला तर हा माणूस काय करेल, असं कधीतरी मनात येई आणि मी तो विचार झटकून टाकी. खरं सांगायचं तर भाऊजींपेक्षा मला माझीच धास्ती वाटत होती. मापं घ्यायची सवय असलेल्या माणसाला वाटतं की वेळ आली की पट्टी सापडेलच.

तो फोन एका शनिवारी सकाळी आला. नवरा कंपनीच्या कामाला तैवानला गेलेला. भाऊजींचा आवाज इतका शांत होता की मीच घाबरले. आत्या मागीलदारी पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या एका इस्पितळात नेलंय. ऑपरेशन केलं तर ते हृदयाला झेपेल याची खात्री नाही, नाही केलं तर त्या पुन्हा उठायच्या नाहीत, आणि अंथरुणात महिनोन् महिने हाल होतील. डॉक्टर म्हणतात, मुलाने आजच्या आज काय ते सांगावं. "वहिनी, येता का?" एवढंच ते म्हणाले. लेकीला मैत्रिणीकडे सोडलं आणि मिळाली ती गाडी धरली.

दार उघडलं तेव्हा भाऊजी स्वेटर उलटा घालून उभे होते. पहाटेपासून त्यांनी जगाला विचारून घेतलं होतं. मुंबईच्या डॉक्टर चुलतभावाने करा सांगितलं होतं, त्याच्या डॉक्टर बायकोने नका. विद्यापीठातल्या सहकाऱ्याने पाऊण तास दोन्ही बाजू समजावल्या होत्या, आणि त्या भाऊजींनीच कधीतरी त्याला समजावलेल्या होत्या. भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती. सगळं करून झाल्यावर, मास्तरांच्या या मुलाने माझ्याकडे न बघता सांगितलं, त्यांनी गावच्या गुरवालाही फोन केला होता. गुरवाने बिचाऱ्याने आंघोळ करून कौल लावला. मी विचारलं, मग? भाऊजी म्हणाले, "पाकळी निम्म्यात येऊन अडकली. तासभर झाला, अजून पडत नाहीये." मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी शरम वाटली, कारण समोर भाऊजी खुर्चीत बसले होते आणि फोन दोन्ही हातांनी धरून पाकळीची बातमी यायची वाट बघत होते. हो म्हटलं आणि आई टेबलावर गेली तर मी मारली, ते म्हणाले. नाही म्हटलं आणि ती कुजत पडली तर तेही मीच केलं. आपल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात ही दोन वाक्यं त्यांनी स्वतः लिहिलेली होती म्हणे, फक्त तिथे आई नव्हती. मी चहा टाकला. घड्याळ पुढे चाललं होतं, तिकडे दुपार कलत होती आणि डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले होते.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची रीट वर आली. रीट सत्तरी ओलांडलेली, एकटीच राहणारी, बोलायला फटकळ. पहाटेपासून डोक्यावर पावलं वाजताहेत म्हणून काय झालंय ते बघायला ती वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन आली होती. भाऊजींनी तिला डचमध्ये सगळं सांगितलं, आणि ती बोलेल ते मला मराठीत. तिने पातेलं खाली न ठेवता ऐकून घेतलं आणि विचारलं, आणि तिला स्वतःला काय हवंय? भाऊजींनी तो प्रश्न मला मराठीत सांगितला, दोनदा. आई बेशुद्ध आहे का, तिने विचारलं. नाही. डोकं ठिकाणावर आहे? माझ्याहून जास्त, भाऊजी म्हणाले. मग? रीट म्हणाली.

आम्ही कोणीच आत्यांना विचारलं नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी नाही, ग्रुपवरच्या एकानेही नाही, मी नाही, आणि माणसाने स्वतःचं स्वतः ठरवायचं असतं हे ज्यांनी आयुष्यभर शिकवलं त्या भाऊजींनीही नाही. आपल्याकडे आजारी माणसाविषयी खोलीच्या बाहेर उभं राहून हलक्या आवाजात बोलायचं असतं. आत जाऊन हसऱ्या चेहऱ्याने मोसंबी सोलायची असतात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, माया असते, आणि त्या मायेत आजारी माणसाला विचारायचं राहून जातं. रीटने पातेलं ओट्यावर ठेवलं, आणि जाताना दार हळू ओढून घेतलं.

व्हिडिओ कॉल सुमनने उचलला. आधी छताचा पंखा दिसला, मग आत्यांचं कपाळ, मग सगळ्या आत्या. चेहरा दुखण्याने ओढलेला होता. त्यांनी पहिल्यांदा तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. मग भाऊजींनी विचारलं. शब्द नीट लागत नव्हते, पण विचारलं.

"मी त्या डॉक्टराला सकाळीच सांगितलंय, कर म्हणून," आत्या म्हणाल्या. "तो म्हणतो, मुलाला विचारायला हवं. म्हटलं, पाय माझा मोडलाय की मुलाचा?"

"आई, धोका आहे."

"सांगितलंय त्याने. मला कळतं." त्या जरा थांबल्या, दम लागत होता. "पडून राहायचं नाही मला. मला मागीलदारी जाता आलं पाहिजे. आणि हे बघ, काही कमीजास्त झालं तर तू ठरवलंस असं मनात आणू नकोस. मी ठरवलंय. त्या डॉक्टराला तेवढं हो म्हणून सांग, म्हणजे तो माझं ऐकेल."

भाऊजींनी डॉक्टरांना सांगितलं. त्याच संध्याकाळी मी त्यांना स्किपोल विमानतळाच्या गाडीत बसवलं. बॅग मी भरली, कारण कोणते कपडे घ्यावेत हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. फलाटावर त्यांनी माझा हात धरला, आणि गाडी आल्यावर सोडला.

ते पोचायच्या आधी ऑपरेशन झालं होतं, आणि व्यवस्थित झालं होतं. आत्या बोलत होत्या, पेज खात होत्या, सुमनला परसातल्या झाडांना पाणी घालायची आठवण करत होत्या. आम्ही सगळ्यांनी ग्रुपवर सुटकेचे श्वास टाकले. आठवडाही झाला नव्हता आणि हृदय थकलं. भाऊजी त्यांच्याजवळ होते.

दिवसकार्य आटपून ते परत आले तेव्हा मी टिलबर्गला गेले. हवा कोरडी होती, ते म्हणाले जरा चालू या, म्हणून कालव्याच्या काठाने चाललो. नांगरलेल्या बोटींवर लोक कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून बसले होते. बराच वेळ भाऊजी गावाकडचंच सांगत होते, सुमन किती रडली, घराला कुलूप लावताना किल्ली कशी फिरेना. निदान तुमच्यावर तरी काही आलं नाही, सगळं त्यांचं त्यांनी ठरवलं, असं काहीतरी मी म्हणाले. ते थांबले.

"तिने तसं सांगितलं होतं खरं," ते म्हणाले. "पण शेवटच्या दिवशी दुपारी ती जागी झाली आणि घाबरली, वहिनी. मी आईला घाबरलेली कधी पाहिली नव्हती. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, मी केलं ते बरोबर केलं ना रे?"

आम्ही काठाच्या कठड्याशी उभे राहिलो.

"मी म्हटलं, हो आई, बरोबर केलंस. लगेच म्हटलं, तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत." ते पाण्याकडे बघत होते. "मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. पण तिने हात सोडला, आणि तिला झोप लागली."

आम्ही पुन्हा चालू लागलो. आता ते विचारतील, असं मला वाटत राहिलं. ज्या माणसाने दोऱ्यासाठी नगरपालिकेला विचारलं, तो एवढ्या मोठ्या 'हो'विषयी कोणाला तरी विचारणारच. मी बरोबर केलं ना वहिनी, असं म्हणणारच. पुलापर्यंत मी वाट पाहिली, पुलावर पाहिली, स्टेशनच्या दाराशीही पाहिली. मी मापं तपासणारी बाई, दोनदा मोजल्याशिवाय कशालाच हो न म्हणणारी, पण त्या दिवशी माझं उत्तर कधीचं तयार होतं. भाऊजींनी मला गाडीत बसवलं, खिडकीतून हात हलवला आणि घराकडे वळले. त्यांनी विचारलंच नाही.